वरण आणि वरणाचे पाणी: गरीब वस्तीतले आहारशिक्षण कसे चालते आणि कुठे अडते

नाशिकच्या पेठ रोडवरील एका वस्तीत, लसीकरणाच्या दिवशी, अंगणवाडीत आयांची बैठक भरते. खोली जेमतेम दहा बाय बाराची. भिंतीवर फळाभाज्यांचा तक्ता, कोपऱ्यात वजनकाटा आणि दारात चपलांचा ढीग. अशाच एका बैठकीत दहा महिन्यांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला सेविकेने विचारले, "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत हिने काय काय खाल्ले, तेवढेच सांग." आई आठवून सांगू लागली. सकाळी चहात बुडवलेले बिस्किट, दुपारी वाटीभर वरणाचे पाणी, अधूनमधून अंगावरचे दूध, संध्याकाळी शेजारच्या पोराच्या पुड्यातले दोन-चार कुरकुरीत तुकडे आणि रात्री पुन्हा वरणाचे पाणी. "डाळ रोज देते, ताई," असे तिने शेवटी जरा अभिमानाने सांगितले. तिच्या परीने ते खरेच होते, कारण घरात डाळ रोज शिजत होती.

सेविकेने तिला काही सुनावले नाही. मदतनीस बाईंनी नुकत्याच उतरवलेल्या कुकरमधून दोन वाट्या भरून आणल्या. एकीत वरचे पाणी आणि दुसरीत तळाची घोटलेली डाळ. सेविकेने दोन्हींत एकेक चमचा बुडवून तो तिरपा धरला. पहिल्या चमच्यातले सगळे ओघळून गेले, दुसऱ्यात डाळ तशीच बसून राहिली. "चमच्यात राहील तेवढेच हिच्या अंगाला लागेल," एवढेच ती म्हणाली आणि दुसऱ्या वाटीत लहान चमचाभर तेल घालून तिने ती वाटी त्या आईच्याच हातात दिली.

वरणाच्या पाण्यात डाळीचा रंग आणि चव उतरते, पण प्रथिने आणि ऊर्जा बहुतांशी तळाशी राहतात. बाळाचे पोट लहान असते. वाटीभर पाण्याने ते तुडुंब भरते आणि बाळ तृप्त दिसते, म्हणून आईला शंका येत नाही. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरेसे असते, मात्र त्यानंतर केवळ दुधावर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे वरच्या आहारातून सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३०० आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ५५० किलोकॅलरी मिळायला हव्यात. लहान चमचाभर तेलात सुमारे ४५ किलोकॅलरी असतात, म्हणजे दहा महिन्यांच्या त्या मुलीच्या गरजेचा जवळजवळ सातवा हिस्सा त्या एका चमच्यात होता.

आहारशिक्षण या भारदस्त शब्दाचा अर्थ या पाच मिनिटांत पुरता दिसतो. त्याची सुरुवात सांगण्याने होत नाही, विचारण्याने होते. काल काय खाल्ले, या साध्या प्रश्नाला आहारतज्ज्ञांच्या भाषेत चोवीस तासांची आठवण म्हणतात. "मुलांना डाळ देता का?" असे विचारले तर शंभरातल्या शंभर आया होय म्हणतील, काल काय दिले असे विचारल्यावर डाळ आणि डाळीचे पाणी वेगळे होते. त्यानंतर येतो तो बदल एकच असतो, घरात आहे त्यातूनच करता येण्याजोगा असतो आणि तो हाताने करून दाखवलेला असतो.

भिंतीवरचा तक्ता याच्या अगदी उलट वागतो. त्यावर सफरचंद, डाळिंब, बदाम, पनीर आणि दुधाचा भरलेला ग्लास असतो आणि खाली 'संतुलित आहार घ्या' असे लिहिलेले असते. संतुलित आहार घ्यावा हे कोणाला ठाऊक नसते? तक्त्यावरच्या वस्तूंची मनातल्या मनात बेरीज करून बाई घरी जाते, ती 'हे आपल्यासाठी नाही' असे ठरवूनच.

या कामात मीही काही वर्षे वावरलो आहे आणि माझीही फजिती झालेली आहे. मोड आलेल्या मटकीचे फायदे मी एकदा तासभर रंगवून सांगितले. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतल्या एका आजीने विचारले, "तीनदा पाणी बदलायचे म्हणता, पण आमच्या नळाला पाणी येते पाऊण तास. त्यात पिण्याचे भरायचे, धुणे उरकायचे, की मटकी न्हाऊ घालायची?" सगळी खोली हसली आणि मीही हसलो, पण उत्तर माझ्याकडे नव्हते. ओल्या कापडात बांधून मोड काढता येतात आणि त्याला पाणी फार लागत नाही, हे मला पुढच्या बैठकीत त्याच आजीने दाखवले.

माहिती आणि कृती यांच्यामध्ये निदान चार भिंती उभ्या असतात, त्या म्हणजे पैसा, वेळ, पाणी-इंधन आणि घरातला अधिकार. पहिली सर्वांना दिसते, उरलेल्या तीन सहसा दिसत नाहीत.

वेळेचे उदाहरण नाशिक जिल्ह्यात शोधायला लांब जावे लागत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपासून ते मार्च-एप्रिलच्या खुड्यापर्यंत दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांना हात लागतात आणि ते हात मोठ्या प्रमाणावर सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतून येतात. शहराच्या कडेला राहणाऱ्या बायकाही सकाळी पिकअपमध्ये बसून बागेत जातात. अशी बाई पहाटे पाचला उठून भाकऱ्या थापते, एक कालवण करते आणि अंधारातच बाहेर पडते. तिच्या दीड वर्षाच्या मुलाला दुपारी भरवते कोण? सात-आठ वर्षांची बहीण, नाहीतर अंथरुणाला टेकलेली आजी. मग 'बाळाला दिवसातून तीन-चार वेळा ताजे, मऊ अन्न भरवा' हा धडा आपण नेमका कोणाला शिकवत आहोत, हा प्रश्न कार्यक्रम आखणाऱ्याने आधी स्वतःला विचारायला हवा. जिथे हा विचार झाला आहे तिथे बहिणीला आणि आजीलाही बैठकीला बोलावले जाते आणि सकाळच्या भाकरीचाच चुरा करून, त्यात शेंगदाण्याचे कूट, गूळ आणि तेल घालून डब्यात ठेवायचा असा खाऊ शिकवला जातो, जो पोरीला चूल न पेटवता देता येतो.

अधिकाराची भिंत याहून जुनी आहे. घरात अंडी आली तर ती आधी कर्त्या पुरुषाच्या ताटात जातात, मग मुलग्याच्या. सून जेवते ती सर्वांत शेवटी, आणि तोवर भाजीच्या पातेल्यात उरतो रस्सा. गरोदर सुनेला लोहाचे महत्त्व पटवून देऊन हे पातेले बदलत नाही. ज्या कार्यक्रमांनी सासवांची वेगळी बैठक घेतली, त्यांनी हे ओळखले होते.

आता सरकारी चौकटीकडे वळू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी तिच्यातूनच आली. योजनेच्या सहा सेवा आहेत: पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि पोषण व आरोग्य शिक्षण. पहिल्या पाचांची मोजदाद होते, कारण पाकिटे, लशी आणि वजने मोजता येतात. सहावीची नोंद बहुधा 'बैठक घेतली, उपस्थिती २२' एवढ्यावर संपते. माझ्या मते या योजनेची सर्वांत दुबळी बाजू हीच आहे आणि तिचा दोष सेविकेच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, कारण तिच्याकडे नोंदवह्या, मोबाईलमधले अ‍ॅप, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे एवढी असतात की शिकवायला उसंत उरत नाही.

पूरक आहार हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर गरोदर व स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने द्यावीत, असा निकष २०२३ च्या सुधारणेपर्यंत होता. तीव्र कुपोषित बालकासाठी तो ८०० किलोकॅलरींचा होता. तीन वर्षांखालच्या मुलांना हा आहार घरी नेण्यासाठी पाकिटांतून मिळतो, ज्याला सगळे टीएचआर, म्हणजे 'टेक होम रेशन', म्हणतात. पूरक म्हणजे घरच्या जेवणाला जोड, घरच्या जेवणाऐवजी नव्हे. पाकीट घरी पोचले की त्याचे काय होते, हे मात्र पाकीट देणाऱ्याला कळत नाही. ते घरातल्या चौघांत वाटले जाते, कधी चव आवडली नाही म्हणून शेळीपुढे जाते. पाकीट देतानाच त्यातले दोन चमचे शिजवून मुलाला तिथेच खाऊ घातले आणि आईला चव घ्यायला दिली, तर ते त्या मुलाच्या पोटात जाण्याची शक्यता वाढते. आदिवासी भागांसाठी राज्याने २०१५ मध्ये सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत बसवून एक वेळचे चौरस जेवण दिले जाते, त्यामागचे शहाणपण हेच आहे: तिथे बसून जेवलेले अन्न तिच्याच पोटात जाते, वाटले जात नाही.

८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियान सुरू झाले आणि दर सप्टेंबरला पोषण माह साजरा होऊ लागला. रांगोळ्या, प्रभातफेऱ्या आणि पाककृती स्पर्धा होतात. त्यांनी हवा तयार होते हे मान्य करावे. पण सप्टेंबरमध्ये पोपटी रंगाच्या साड्या नेसून काढलेल्या छायाचित्रांचे नोव्हेंबरमध्ये काय होते, ही चौकशीही करावी.

परिस्थिती किती गंभीर आहे, याचे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ च्या पाहणीत आहेत. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने लुकडी आणि ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. या तीन शब्दांत लोक नेहमी गल्लत करतात. खुजेपणा हा दीर्घकाळच्या उपासमारीचा आणि वारंवारच्या आजारपणाचा मागे राहिलेला ठसा असतो, आणि त्यातला बराचसा भाग गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांत उमटून गेलेला असतो. लुकडेपणा हा अलीकडचा धक्का असतो; जुलाबाचा एखादा मोठा फेरा किंवा कामासाठी गाव सोडून काढलेले दोन महिने तेवढ्याला पुरतात. तो ओळखायला दंडाभोवती पट्टी गुंडाळतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर पट्टी लाल दाखवते आणि मूल 'सॅम' म्हणजे तीव्र कुपोषित धरले जाते; साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यापुढे हिरवा. ही पट्टी कोणत्याही आईला पाच मिनिटांत शिकवता येते आणि आईने स्वतः मोजलेल्या दंडावर तिचा जितका विश्वास बसतो तितका अ‍ॅपमधल्या आलेखावर बसत नाही.

रेशनचे गणित येथे लक्षात घ्यावे लागते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते, तेही आता विनामूल्य. त्यामुळे गहू-तांदूळ घरात असतो. नसते ते डाळ, तेल, अंडी, दूध आणि भाजी. म्हणून गरीब वस्तीतले आजचे कुपोषण हे बहुधा रिकाम्या पोटाचे नसून एकसुरी ताटाचे असते आणि आहारशिक्षणाला वाव आहे तो इथेच. धान्यातल्या प्रथिनांत जो घटक तोकडा असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो तोकडा तो धान्यात. म्हणून तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घालून केलेली खिचडी नुसत्या भातापेक्षा किती तरी जास्त अंगी लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलेले हे तीनास एक प्रमाण वाटीने मोजता येते, त्याला वजनकाटा लागत नाही.

पेठ आणि सुरगाण्याहून आलेल्या घरांत आणखी एक गोष्ट हमखास आढळते. गावाकडे त्यांची रोजची भाकरी नागलीची, म्हणजे नाचणीची होती. शहरात आल्यावर रेशनच्या गव्हाची चपाती आली आणि मुलांना डब्यातल्या काळ्या भाकरीची लाज वाटू लागली. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात ते जेमतेम दहाच्या घरात. नागलीला मोड आणून, वाळवून, भाजून दळली तर त्या पिठाची पेज कमी घट्ट होते, कारण मोड येताना पिठूळ भाग फोडणारी विकरे तयार होतात. परिणामी तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते आणि बाळ ते सहज गिळते. ही विद्या त्या आजींना कोणत्याही आहारतज्ज्ञाच्या आधीपासून येते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून नाशिकच्या मॉलमध्ये नागलीची बिस्किटे चकचकीत वेष्टनांत दिसू लागली आणि ज्यांनी ती पिकवली त्यांची नातवंडे पाच रुपयांचे मैद्याचे बिस्किट चहात बुडवून खातात, हा प्रकार मला खटकतो.

आहारशिक्षणाच्या इतिहासातला एक प्रसंग या संदर्भात सांगण्यासारखा आहे. १९९० च्या डिसेंबरात जेरी स्टर्निन आणि त्यांची पत्नी मोनिक हे 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेसाठी व्हिएतनामला गेले, तेव्हा तिथली निम्म्याहून जास्त लहान मुले कुपोषित होती आणि सरकारने त्यांना काही करून दाखवायला अवघे सहा महिने दिले. त्यांनी तज्ज्ञांचे पथक आणले नाही. गावातल्याच बायकांकडून मुलांची वजने करून घेतली आणि विचारले: अतिशय गरीब घरातले असूनही ज्याचे वजन चांगले आहे असे एखादे मूल आहे का? होते. त्या घरांत जाऊन पाहिले तेव्हा दिसले की त्या आया भातखाचरातले बारीक खेकडे आणि कोळंबी वेचून, रताळ्याच्या पाल्याबरोबर मुलांच्या भातात घालत होत्या. बाकीचे गाव हे अन्न लहान मुलांना चालत नाही असे मानत होते. शिवाय त्या आया तेवढेच अन्न दोनदा न देता चार-पाच वेळा विभागून भरवत होत्या. मग शेजारणींसाठी रोज एकत्र स्वयंपाक सुरू झाला, पण अट अशी की येताना प्रत्येकीने मूठभर खेकडे-कोळंबी वेचून आणायची. फुकट खाऊ नव्हता. सवय वेचण्याची लावायची होती.

इगतपुरी-त्र्यंबकच्या भातखाचरांत पावसाळ्यात काय सापडते, हे नाशिककरांना सांगायला नको. मिठाच्या पाण्यात उकडलेले खेकडे घरातली मोठी माणसे चवीने खातात आणि 'बाळाला बाधेल' म्हणून बाळाला त्याचा रस्साही चाखवत नाहीत. करटोली, कुरडू, शेवळी, टाकळा या रानभाज्यांचेही तसेच. आपल्या वस्तीतले ते 'गरीब पण धडधाकट' मूल कोणाचे आहे, हे सेविकेला नेमके ठाऊक असते. फक्त त्याच्या आईला बैठकीत बोलायला कोणी उभे करत नाही.

आता रक्तक्षयाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण अज्ञानाने जितके नुकसान इथे होते तितके इतरत्र क्वचितच होत असेल. वर सांगितलेल्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर तो रक्तक्षय, आणि ७ च्या खाली गेले तर जिवाला धोका. तिला सरकारी दवाखान्यातून १८० दिवस रोज एक लोहाची गोळी मिळते, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. गोळ्या घरी जातात आणि फळीवरच्या डब्यात राहतात. कारणे विचारली तर ती अगदी ठोस निघतात. मळमळते. शौचाला काळे होते, म्हणून भीती वाटते. बाळ मोठे होईल आणि सिझर करावे लागेल असे शेजारणीने सांगितले. बाळ काळे होईल असेही कोणी सांगते. 'गोळ्या घ्या, त्या चांगल्या असतात' या वाक्यात यातल्या एकाही शंकेचे उत्तर नाही. उत्तरे अशी आहेत: शौचाला काळे होणे हे न शोषले गेलेल्या लोहामुळे असते आणि ते निर्धोक आहे, मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर, झोपण्यापूर्वी घ्यावी, बाळाच्या रंगाशी गोळीचा संबंध नाही, आणि सिझरच्या भीतीपेक्षा बाळंतपणातल्या रक्तस्रावाची भीती खरी आहे, कारण अंगात रक्तच कमी असेल तर थोडासा स्रावही झेपत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या व्यक्तीने मात्र ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आदिवासी तालुक्यांत हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

आणि चहा. नाशिकमध्ये चहाविरुद्ध बोलणे म्हणजे गोदेच्या पुराविरुद्ध पोहण्यासारखे आहे, म्हणून चहा सोडा असे मी कोणाला सांगत नाही. चहातली टॅनिने पालेभाजी, डाळ आणि भाकरीतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शरीरात जाऊ देत नाहीत; म्हणून चहा जेवणापासून आणि गोळीपासून तासभर तरी लांब ठेवायचा, एवढेच सांगतो. याउलट लिंबू, आवळा, चिंचेऐवजी कच्ची कैरी किंवा पेरूची फोड यांतले क जीवनसत्त्व त्याच लोहाला आत जायला मदत करते. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नसते, कारण दोघी एकमेकींच्या वाटेत येतात. बाईने सकाळच्या चहाबरोबर दोन्ही गोळ्या एकदम गिळल्या तर नोंदवहीत 'गोळ्या घेतल्या' असे लिहिले जाते आणि रक्त मात्र वाढत नाही.

या विषयाचाच धागा रेशनच्या तांदळापर्यंत जातो. सरकारी योजनांतून पोषणतत्त्वयुक्त तांदूळ मिळू लागला. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून, त्याचे तांदळासारखेच दाणे पाडून, ते साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात घातलेले असतात. हे दाणे रंगाला थोडे वेगळे दिसतात आणि काही वेळा पाण्यावर तरंगतात. झाले, 'प्लास्टिकचा तांदूळ आला' अशी आवई उठते आणि बायका दुपारभर सुपात निवडत बसून नेमके तेच दाणे वेचून फेकतात. तांदूळ दुकानात पोचण्याआधी एक बैठक घेऊन हे दाणे हातावर दाखवले असते तर ही दुपार वाचली असती. वाहतुकीवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने त्या बैठकीचा खर्च तो किती.

कुपोषणाच्या याच गल्लीत रक्तदाब आणि मधुमेहही राहायला आले आहेत, हे शहरी कार्यक्रमांनी उशिरा ओळखले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बारा तासांची पाळी करणारा माणूस दोन वेळा वडापाव खाऊन राहतो आणि घरी येताना मुलासाठी फरसाणाचा पुडा आणतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ग्रॅम कोणी मोजत नाही, पण मिठाचा पुडा मोजता येतो: चौघांच्या घरात एक किलोचा पुडा पन्नास दिवस पुरायला हवा. बैठकीत हा प्रश्न टाकला की बायका बोटांवर हिशेब करतात आणि बहुतेकींचा पुडा महिन्याच्या आतच संपत असतो. लोणचे, पापड आणि पुड्यांतले मीठ तर यात धरलेलेच नाही. मुलांच्या खाऊचाही हिशेब असाच मांडता येतो. पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यात मूठभर हवा, मैदा किंवा मक्याचे पीठ, तेल आणि मीठ असते. तेवढ्याच पैशांत येणाऱ्या मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. अगदी लहान मुलाला अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात, कूट द्यावे.

आरोग्यदायी जीवनशैली म्हटले की कार्यक्रमांत योगासने आणि चालणे येते. दिवसभर विटा उचललेल्या बाईला चालायला सांगणे हा विनोद आहे. तिच्याशी बोलायचे ते मशेरीबद्दल. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासायला म्हणून लागते आणि दिवसातून चार-पाच वेळा तोंडात जाते. गरोदरपणीही सुटत नाही, कारण तिने भूक मरते आणि कामाचा शीण जाणवत नाही. बाळ कमी वजनाचे जन्मण्यामागे तिचाही हात असतो. तरीही पोषणाच्या बैठकांत मशेरीचे नाव क्वचितच निघते, कारण ती 'तंबाखूवाल्या' विभागाकडे मोडते.

एखाद्या संस्थेने वस्तीत कार्यक्रम केला, तर तो चांगला झाला की नाही हे कशावरून ठरवायचे? किती बैठका झाल्या, किती पुस्तिका वाटल्या, यावरून नक्कीच नाही. अमेरिकेत १९६९ पासून सरकारी मदतीने जो विस्तारित अन्न व पोषण शिक्षण कार्यक्रम चालतो, त्यात शिकवणाऱ्या बायका त्याच वस्त्यांतून निवडल्या जातात आणि शिकण्याआधी व शिकल्यानंतर प्रत्येकीने काल काय खाल्ले याची नोंद घेऊन दोन्हींची तुलना केली जाते. आपल्या सेविकेकडे पहिली गोष्ट आहे. दुसरीसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ठरवलेले एक साधे माप आहे. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाच्या आहाराचे आठ गट करायचे: आईचे दूध, धान्य आणि कंद, डाळी आणि दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-नारिंगी व गडद हिरव्या भाज्या-फळे, आणि उरलेल्या भाज्या-फळे. कालच्या दिवसात यांपैकी किमान पाच गट पोटात गेले असतील तर आहार पुरेसा वैविध्याचा समजायचा. पेठ रोडच्या त्या मुलीचा हिशेब करा. आईचे दूध एक, बिस्किट उदार मनाने धरले तर धान्य दोन. वरणाचे पाणी डाळीत धरत नाहीत आणि पुड्यातले तुकडे कशातच धरत नाहीत.

पुढच्या महिन्यात ती आई पुन्हा आली, या वेळी सासूला घेऊन. बैठकही संध्याकाळी सातला ठेवली होती, बागेतून पिकअप परतल्यानंतर. सेविकेने तोच प्रश्न विचारला. उत्तर सासूने दिले: सकाळी नागलीची पेज, दुपारी घोटलेले वरण आणि भात, त्यात तेल, संध्याकाळी अर्धे अंडे, कारण काल बुधवार होता आणि मुलगा गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून अंडी घेऊन आला होता; शिवाय अंगावरचे दूध आहेच. "आणि बिस्किट?" सेविकेने विचारले. "तेबी दिले," सासू म्हणाली, "रडत होती." सेविकेने नोंदवहीत चार असा आकडा लिहिला आणि कालच्या बाजारातून भोपळा आणला होता का, असे विचारले.